पहिल्यांदाच ग्रेट ॲलेगेनी पॅसेजला, अमेरिकेतल्या त्या लांब सायकलमार्गावर, निघालायस ना?

सगळे १५० मैल डोक्यातून काढ. पिट्सबर्ग ते कंबरलंड पुढच्या वर्षी कर. आत्ता मधल्या मायर्सडेल गावात गाडी लाव आणि कंबरलंडच्या दिशेने बिग सॅव्हेज बोगद्यापर्यंत जाऊन परत ये. वाटेत पूर्व खंडीय जलविभाजक लागतो, म्हणजे जिथून पाणी दोन वेगळ्या दिशांना वाहून जातं तो उंचवटा, उंची २,३९२ फूट. जुना रेल्वेमार्ग असल्यामुळे चढ इतका सौम्य की कळतही नाही, फक्त पाय उगाच जड वाटतात. नवखे इथेच फसतात. बोगद्यापलीकडे कंबरलंडपर्यंत सगळा उतार, मजेत खाली जातात आणि परतताना वीसेक मैल चढ! मीही फसलोय; शेवटी सायकल हातात धरून चालत आलो.

बाकी एवढंच बघ:
- रस्ता चुनखडीच्या बारीक चुऱ्याचा आहे, रेसिंगचे अरुंद टायर नकोत.
- बोगदा जवळपास एक किलोमीटरचा. आत दिवे आहेत, तरी स्वतःचा दिवा हवाच. भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो, पातळ जॅकेट ठेव. हिवाळ्यात तो बंद असतो.
- पंक्चरचं सामान घे, आणि ते वापरायला घरीच शिक.

पाणी, थोडा चिवडा. गिअरबिअर, सॅडलबॅग वगैरे नंतर बघू.