वाचक विचारतात : जुन्या जीपला ट्रकचं डिझेल इंजिन

प्रश्न (शहादा) : घरची महिंद्रा सीजे-3बी आहे, पेट्रोल इंजिन पार थकलंय. धुळ्याला भंगारात टाटा 407 ट्रकचं चालू इंजिन मिळतंय. तोरणमाळचा घाट डोळ्यांसमोर ठेवून ते बसवावं का?

उत्तर : बसेल, पण बयाणा देण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. तुमचं मूळ हरिकेन इंजिन 2199 सीसीचं आणि मिनिटाला 4000 फेऱ्यांपर्यंत पळणारं. 407चं जुनं 497 मालिकेतलं इंजिन 2956 सीसीचं. त्याचा जोर कमी फेऱ्यांवर, आणि 2800च्या आसपास गव्हर्नर (फेऱ्या मर्यादेत ठेवणारा भाग) त्याला थोपवतो. तुमच्या हाउसिंगमध्ये (दोन चाकांमधल्या अॅक्सलच्या कवचात) बहुधा 43 दातांचा क्राउन आणि 8 दातांचा पिनियन ही गिअरची जोडी असणार, म्हणजे रेशो 5.38 : चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या 5.38 फेऱ्या. चाकाची एक फेरी 2.2 मीटरची धरली, तर टॉप गिअरमध्ये 2800 फेऱ्यांना ताशी 69 किलोमीटरच्या पुढे गाडी जात नाही. घाटात मजा येईल, पण शहादा-धुळे रस्त्यावर इंजिन सगळा वेळ शेवटच्या दमावर ओरडत राहील. तोच रेशो 47 आणि 11 दातांचा, म्हणजे 4.27 केला, की वेग 86 पर्यंत जातो.

रेशो ओळखायला चेंबर (हाउसिंगचा गिअर असलेला फुगीर भाग) उघडायची गरज नाही. मागची दोन्ही चाकं उचला, गिअर न्यूट्रल करा, प्रॉपेलर शाफ्टवर (इंजिनाकडचा जोर अॅक्सलकडे नेणाऱ्या दांड्यावर) खडूची खूण करा आणि दोन्ही चाकं बरोबरीने एक पूर्ण फेरी फिरवा. शाफ्ट सव्वापाचच्या थोडं पुढे थांबला तर 5.38, सव्वाचारला थांबला तर 4.27. बदलायचं ठरलं तर पुढचं आणि मागचं हाउसिंग एकाच गाडीचं, जोडीनेच घ्या. रुंदी आणि पाट्यांची (स्प्रिंगची) बैठक आधी टेपने मोजा. दोन्हीकडे वेगळा रेशो राहिला, की फोर-व्हीलमध्ये टाकताच पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात, लिव्हर अडकतो आणि शेवटी प्रॉपेलरच्या सांध्यातला जॉइंट क्रॉस तरी तुटतो नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसचे दात जातात.

खरी अडचण लांबीची आहे. सीजे-3बीचा व्हीलबेस 80 इंच, म्हणजे 2032 मिलिमीटर. जुना तीन गिअरचा बॉक्स ट्रकच्या इंजिनाचा जोर फार दिवस सोसणार नाही. ट्रकचा बॉक्स घालावा, तर तो इतका लांब की मागचा प्रॉपेलर वीतभर उरतो आणि त्याचा कोन इतका तिरपा होतो की क्रॉस टिकत नाहीत. त्यात उजवीकडे स्टिअरिंग बॉक्स, त्याच बाजूला पुढचा चेंबर, वर खोल सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी). पुढचे पाटे पूर्ण दाबले गेले तरी सम्प आणि हाउसिंगमध्ये निदान 30 मिलिमीटर जागा राहिली पाहिजे.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : या जीपला तीन लिटरचं इंजिन नको. महिंद्राचंच 2523 सीसीचं डीआय डिझेल इंजिन त्याच्या गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केससकट घ्या. तोरणमाळ चढायला त्याचा जोर आणि लो गिअर पुरेसा आहे. मूळ इंजिन मात्र भंगारात घालू नका. बोअरमध्ये तेल सोडा, ग्रीस लावा, ताडपत्रीत गुंडाळून ठेवा.

प्रश्न (पारोळा) : एमएम-540ला 407चं इंजिन बसवलं, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी अडॅप्टर प्लेट टर्नरकडून करून घेतली. क्लच दाबला की कर्कश आवाज येतो आणि टॉप गिअर आपोआप सुटतो.

उत्तर : इंजिन आणि गिअरबॉक्सचं सेंटर जुळलेलं नाही. पेडल नुसतं टेकवल्यावर आवाज आला, तर आधी रिलीज बेअरिंग (पेडलने क्लच सोडवणारं) तपासा. गिअरमध्ये पूर्ण दाबल्यावरच येत असेल, तर पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात बसून गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट धरणारं) गेलंय. क्लच सुटल्यावरच इनपुट शाफ्ट आणि क्रँक वेगवेगळे फिरतात, एरवी या बेअरिंगला काम नसतं.

गिअरबॉक्स आणि क्लच उतरवा. चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर लावून डायल गेजचं टोक बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवा आणि क्रँक हाताने फिरवा. काटा सगळा मिळून 0.15 मिलिमीटरच्या आत हलला पाहिजे. 0.40 दाखवला, तर सेंटर त्याच्या निम्म्याने, 0.20ने सरकलंय. मग टोक बेलहाउसिंगच्या तोंडाच्या सपाटीवर टेकवून तीच तपासणी करा. प्लेट सरकवून सेंटर साधलं, की तिथेच दोन नवीन डॉवेल पिना रीमर मारून (भोक अचूक मापाचं करून) बसवा. बोल्ट फक्त आवळतात, त्यांची भोकं सैल असतात. जागेवर धरतात त्या पिना. बहुतेक टर्नर नेमक्या त्याच सोडतात. क्लच प्लेटची खाच गिअरबॉक्सच्या शाफ्टची आणि प्रेशर प्लेट फ्लायव्हीलची, हेही पाहून घ्या.

प्रश्न (रावेर) : जीपला डिझेल इंजिन बसवलंय, मे महिन्यात दहा किलोमीटरवर पाणी उकळतं. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी फरक नाही.

उत्तर : परत बसवा. बायपास असलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट खुली करणारा व्हॉल्व्ह) उघडला की बायपासची वाट बंद होते. तो काढल्यावर ती कायम उघडी राहते आणि गरम पाण्यातला एक भाग रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनात फिरतो. रावेर-भुसावळकडे पारा 45 ला टेकतो, तिथे हे परवडत नाही. पेट्रोल इंजिनाचा दोन ओळींचा रेडिएटर असेल तर चार ओळींचा कोअर भरून घ्या. पंख्याभोवती पत्र्याचं श्राउड (गोल आवरण) हवंच. पाती निम्मी त्याच्या आत, कडेपासून साधारण 25 मिलिमीटर लांब. पंखा उलटा बसलाय का तेही पाहा : चालू इंजिनावर जाळीसमोर कागद धरला तर तो जाळीला चिकटला पाहिजे.

एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइपही काढून आतून बोट फिरवा. बोटाला बारीक माती लागली, तर फिल्टरला वळसा घालून धूळ आत जातेय. अशाने नवं बोअर-पिस्टनही लवकर घासून जातं, म्हणून क्लिपा आजच बदला.

प्रश्न (चोपडा) : जिप्सीला डिझेल इंजिन घातल्यापासून ब्रेक दगडासारखा लागतो.

उत्तर : ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्युम मिळत होता, डिझेलला थ्रॉटल नाही, म्हणून तो मिळत नाही. मागे व्हॅक्युम पंप असलेला अल्टरनेटर लावा, मध्ये एकतर्फी व्हॉल्व्ह घाला. तोवर गाडी घाटात नेऊ नका.

प्रश्न (अमळनेर) : इंजिन बदललं तर आरसी बुकाचं काय?

उत्तर : मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52 प्रमाणे परवानगी आधी, काम नंतर. जळगावच्या आरटीओत, एमएच-19ची गाडी असेल तर, इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीचं ते आहे तिची कागदपत्रं घेऊन भेटा. बदल झाल्यावर 14 दिवसांत कळवावं लागतं आणि इंधन पेट्रोलचं डिझेल झाल्याची नोंद आरसीवर व्हावी लागते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेबाहेरच्या बदलांवर कडक भूमिका घेतली, तेव्हा नकारही मिळू शकतो हे धरून चला. नोंद नसली तर अपघातानंतर विमा कंपनी दावा अडवू शकते. गाडी 50 वर्षांपुढची असेल तर आणखी एक विचार करा : 2021च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मूळ स्वरूपातल्या गाडीलाच मिळते, इंजिन बदललं की तो रस्ता बंद होतो.