ट्वेब्लेडमधलं ब्लेड म्हणजे आपलं पातंच

ट्वेब्लेड नावाच्या रानऑर्किडला मराठीत 'दुधारी आमरी' म्हटलं तर चालेल का, असं विचारलंय. आमरी बरोबर, ऑर्किडला आपल्याकडं तोच शब्द आहे, पण दुधारी नको, कारण हे ब्लेड सुरीचं नाहीच. ट्वे म्हणजे जुन्या इंग्रजीतलं दोन, आणि ब्लेडचा मूळ अर्थ पान, जर्मनमध्ये अजून पानाला ब्लाट म्हणतात, तलवारीला तो शब्द नंतर लागला. हे झाड युरोपातलं, बुडाशी समोरासमोर दोन रुंद पानं आणि मधनं हिरवट फुलांचा दांडा, नाव त्या पानांवरनंच पडलंय.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे की आपल्या भाषेनं पण नेमकं हेच केलंय. संस्कृत पत्र, त्याचं झालं पात आणि पातं. बेळगावच्या बाजारातनं आई कांद्याच्या पातीची जुडी आणते आणि घरी विळीच्या पात्यावर चिरते, म्हणजे एकच शब्द चिरणारा पण आणि चिरला जाणारा पण! गवताचं पातं आहेच, शिवाय डोळ्याचं पातं लवतंय न लवतंय तोच म्हणतो तिथं पापणी. पान मात्र वेगळं, ते पर्णावरनं आलंय.

आता नाव. द्विदल नको, ते ऐकलं की तूर-मूग डोळ्यापुढं येतात. द्विपर्णी चूक नाही पण पुस्तकी वाटतं. दुमजली, दुपदरी तसं दुपानी, मी तर 'दुपानी आमरी'च म्हणेन.

आणि हे नाव फक्त परदेशी झाडाला ठेवायची गरज नाही. इंग्रजीत सुद्धा लिपारिस या वेगळ्या गटातल्या काही ऑर्किडना ट्वेब्लेड म्हणतात, पानं दोन दिसली की झालं. आपल्या सह्याद्रीत हबेनारिया डिफायला नावाची आमरी आहे, डिफायला म्हणजे ग्रीकमध्ये दोन पानांची, तिची दोन गोलसर पानं जमिनीला अशी चिकटून असतात की कुणीतरी तळहाताने दाबून बसवलीत असं वाटतं, आणि बरोबर मधनं बारीक दांडा वर येतो. पावसाळ्यात बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडं गेलात तर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पाय टाकताना जरा खाली बघून टाका, आणि अशी जोडी दिसली तर तिला बिनधास्त दुपानी म्हणा.