रस्ते दुरुस्तीचा निधी सरळ किलोमीटरप्रमाणे वाटला तर काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की प्रत्येक जिल्ह्याला आणि तालुक्याला रस्त्याच्या लांबीप्रमाणे पैसे द्यावेत, म्हणजे भांडण मिटेल. भांडण मिटेल, आणि रस्ताही मिटेल.

मी सातारा जिल्ह्यातल्या पाटणचा. बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. कार्यालय कुठलं ते सांगत नाही, तेव्हाचे साहेब हयात आहेत. वडील मैलकुली होते. मृग निघायच्या आत आपल्या वाट्याच्या रस्त्याची गटारं उघडी करायची, रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्यांतला गाळ उपसायचा, साईडपट्टी डांबरापेक्षा उंच झाली असेल तर छाटायची, हे त्यांचं काम. हातात फावडं आणि पाटी, बस. पुढं मैलकुली निवृत्त होत गेले आणि जागा भरल्या गेल्या नाहीत. डांबराचा खरा वैरी साचलेलं पाणी, हे मला कॉलेजच्या आधी घरात कळलं होतं.

एका वर्षी साहेबांनी दुरुस्तीच्या पैशाचा तालुकावार तक्ता मला करायला सांगितला. नेहमीचे रकाने होते: लांबी, डांबरी किती, खडीचा किती, शेवटचं डांबरीकरण कुठल्या सालचं. मी दोन रकाने वाढवले, पाऊस आणि उसाची वाहतूक. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, दुष्काळी माण तालुक्यात ५०० च्या आसपास. रस्ता दोन्हीकडं पावणेचार मीटरचाच. कराडकडं हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस पळतात, खाली काळी माती, ती पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते. हे सगळं ज्या किलोमीटरवर होतं तो आणि मुरमावरचा किलोमीटर एकच कसा?

साहेबांनी तक्ता पाहिला, दोन्ही रकान्यांवर लाल रेघ मारली आणि म्हणाले, "हवामान खात्यात बदली मागा." वाटप लांबीप्रमाणेच झालं. माझ्या वाट्याला आलं त्यात एक बुजलेली मोरी नव्यानं बांधायची होती, पण पैसे पुरले फक्त खड्डे भरायला. ऑक्टोबरात खड्डे भरले. पुढच्या जुलैत पाणी मोरीतून जाईना म्हणून वरून गेलं आणि भरलेल्या खड्ड्यांसकट रस्त्याची एक बाजू ओढ्यात गेली.

हे मी एकदा जेवताना साडूंना सांगितलं. ते माणमधल्या म्हसवडचे, मास्तर होते. मला वाटलं, हळहळतील. ते म्हणाले, "तुमच्यात दरसाल पाण्यात पैसा घालत्यात. आमचा रस्ता टिकतुया म्हणून त्याला दहा वर्सं कुणी हात लावत न्हाई. टिकला ह्यो त्याचा गुन्हा का?" त्या दिवशी आमटी गार झाली. आमचं अजूनही त्यावर नीट बोलणं नाही.

आता तुमच्या जिल्ह्यांचं. १९८३ साली नेमलेल्या अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीनं राज्याचा अनुशेष, म्हणजे कुठला भाग विकासात किती मागं राहिला ते, मोजला, त्यात रस्तेही होते. पण एकक धरलं जिल्हा. जिल्ह्याची सरासरी बरी दिसली की माण, जत, आटपाडीसारखे दुष्काळी तालुके त्या सरासरीखाली गाडले जातात; कृष्णाकाठचा ऊस त्यांच्या नावावरही श्रीमंती दाखवतो. इथं साडूंचं खरं आहे. केंद्रीय रस्ते निधी राज्यांना वाटताना क्षेत्रफळाला ७० टक्के आणि इंधनाच्या खपाला ३० टक्के वजन असायचं. म्हणजे दिल्लीलाही पाऊस दिसला नव्हता, आमच्या साहेबांना एकट्याला काय बोलू!

माझं मत विचाराल तर लांबी पाया म्हणून ठेवा, तिला पाऊस, जड वाहतूक आणि माती यांचं वजन द्या. आणि वाटपाच्या आधीच गटारं-मोऱ्यांचा हिस्सा बाजूला काढा, त्याला खड्ड्यांसाठी हात लावू देऊ नका. हे कुणाला नको असतं, कारण ५०५४ या अंदाजपत्रकी शीर्षाच्या नव्या कामावर नारळ फुटतो, ३०५४ या शीर्षाच्या दुरुस्तीत गटार उपसायला नारळ कोण फोडणार?

आधी सांगायचं राहिलं. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडं. तुम्ही कुठल्या पैशाबद्दल विचारताय त्यावर उत्तर बदलेल. दुसरं, 'जिथं जास्त फुटला तिथं जास्त पैसा' असा अर्थ माझ्या बोलण्यातून काढू नका. दोष दायित्वाच्या मुदतीत फुटलेला रस्ता ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करायचा असतो. तिथंही दुरुस्तीचा निधी गेला तर वाईट कामाला बक्षीस मिळतं. आणि दरडी यात धरूच नका. २०२१ च्या जुलैत आमच्या तालुक्यात आंबेघर-मिरगावला दरडी कोसळून जे झालं ते कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

हे उत्तर भाची तिच्या वडलांना, म्हणजे साडूंना, वाचून दाखवणार, मला माहीत आहे. तर पाव्हणं, टिकलेल्या रस्त्यालाही वेळेवर डांबराचा थर मिळाला पाहिजे, हे मी मान्य करतो. पण 'पाण्यात पैसा' हे मागं घ्या. पैसा पाण्यात गेला तो मोरी बांधली नाही म्हणून. यंदा पंचमीला या, जागेवर दाखवतो. गाडी तेवढी ओढ्याच्या अलीकडंच लावावी लागेल.