बटण दाबण्याआधी: जुन्या क्रोनोग्राफबद्दल वाचकांचे प्रश्न

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचंही काम करणारं मनगटी घड्याळ. बहुतेकांना चावीच्या वर-खाली दोन बटणं असतात. वरच्या बटणाने मोजणी चालू-बंद होते, खालच्याने काटा शून्यावर येतो. या वेळी सोलापुरातून आलेल्या पत्रांमध्ये याच घड्याळांविषयी इतकं विचारलं आहे की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न: पिवळ्या डायलचं, लाल-निळ्या कडेचं सीको ६१३९ मुंबईतल्या एका विक्रेत्याकडे आहे. फोटो झकास आहेत आणि तो "पूर्ण ओरिजिनल" म्हणतोय. सोलापुरात बसून हे तपासायचं कसं?
— विजापूर रोड

फोटो झकास आहेत, हीच पहिली शंका. हे मॉडेल १९६९ ते १९७९ या काळातलं. पन्नास वर्षं मनगटावर राहिलेलं घड्याळ आरशासारखं चमकत असेल, तर त्यावर कुणाचा तरी हात फिरलाय. अमेरिकी अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३-७४ च्या स्कायलॅब मोहिमेत पिवळ्या डायलचं ६१३९ वापरलं होतं. पुढे जाणकारांत या घड्याळाला त्यांचंच नाव पडलं, भाव चढला आणि मागोमाग नकली डायलही बाजारात आल्या.

आधी मागचं झाकण. त्यावर चार-चार आकड्यांचे दोन गट असतात, उदाहरणार्थ ६१३९-६००२. पहिला गट मशीनचा, दुसरा केसचा. शिवाय सहा आकडी अनुक्रमांक असतो. त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. म्हणजे अनुक्रमांक ३७ ने सुरू झाला तर घड्याळ जुलै १९७३ चं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी अनुक्रमे इंग्रजी ओ, एन, डी ही अक्षरं येतात. पहिला आकडा ९ असेल तर १९६९ की १९७९ हे डायलवरून ठरवायचं. सुरुवातीच्या घड्याळांवर पाण्याबाबत 'प्रूफ' लिहायचे, नंतर 'रेझिस्ट' आलं. अनुक्रमांक १९७५ चा आणि लिखाण 'प्रूफ' असेल, तर झाकण, डायल यांपैकी एक दुसऱ्या घड्याळातून आलंय. डायलच्या तळाशी ६१३९ ने सुरू होणारा बारीक कोड असतो. त्याचे पुढचे आकडे केसच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत नाहीत. ते तसंच असतं, त्यावरून वाद घालू नका.

मग डायलचा समोरून, उजेडात, जवळून काढलेला फोटो मागा. अक्षरांच्या कडा धारदार हव्यात. नकली छपाईत अक्षरं थोडी जाड, फुगीर येतात. सहाच्या जागची तीस मिनिटांची छोटी तबकडी किंचित खोल आणि तिच्यावर वर्तुळाकार बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. सपाट असेल तर सोडा. अंधारात फोटो काढायला सांगा. काट्यांवरचा रंग हिरवागार चमकला तर तो नंतर भरलेला आहे, कारण त्या काळचा मूळ रंग आता जेमतेम मिणमिणतो.

चालण्याची परीक्षा व्हिडिओवर घ्या, पण आधी दोन गोष्टी विक्रेत्याला सांगा. हे मशीन ऑटोमॅटिक आहे, चावी फिरवून स्प्रिंग भरत नाही, म्हणून घड्याळ पंचवीस-तीस वेळा हळूवार झुलवायचं. चावी आत असताना फिरवली की आतली मिनिटांची कडी फिरली पाहिजे. ती अडखळत असेल तर कडी फिरवणारं छोटं चाक झिजलेलं आहे. चावी अर्धी दाबली की तारीख, पूर्ण दाबली की वार बदलतो. हे रात्री आठ ते पहाटे चार या वेळात करायचं नाही, तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात आणि दात तुटतो. आता क्रोनोग्राफ चालू करून सलग पस्तीस मिनिटांचं चित्रीकरण मागा. प्रत्येक मिनिटाला खालचा छोटा काटा एक घर पुढे उडी मारतो का, तीस मिनिटांचा फेरा पूर्ण करून पुन्हा सुरू होतो का, आणि शेवटी बंद करून खालचं बटण दाबल्यावर दोन्ही काटे बरोबर शून्यावर येतात का, एवढं बघा. या घड्याळात सेकंदाचा वेगळा काटा नाही. त्यामुळे अनेकजण क्रोनोग्राफचाच काटा कायम चालू ठेवतात. याच्या उभ्या क्लचमुळे, म्हणजे मोजणीचा काटा वरून-खाली दाबून जोडणाऱ्या रचनेमुळे, त्याने फारसं बिघडत नाही.

पस्तीस मिनिटांचं चित्रीकरण द्यायला खळखळ करणाऱ्या विक्रेत्याशी भाव करू नका. आणि किंमत ठरवताना सर्व्हिसिंगचा खर्च त्यात आधीच धरा. "नुकतंच सर्व्हिस केलंय" या वाक्यामागे पावती किंवा मशीन उघडं असल्याचे फोटो नसतील, तर ते झालेलंच नाही असं समजून चला.

प्रश्न: पॉवरलूमवर काम करतो. ७७५० मशीनचं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ घालतो, ते महिनाभरापासून दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे पळतंय. दुसरं, याच्या कडेवरच्या टॅकिमीटरचा आम्हाला काय उपयोग?
— अक्कलकोट रोड एमआयडीसी

एकाएकी मिनिटांच्या हिशेबात पुढे पळणारं घड्याळ बहुधा चुंबकलेलं असतं. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे आतल्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि बॅलन्स, म्हणजे वेळ राखणारं मागे-पुढे फिरणारं चाक, घाई करतं. मोटर हे एक कारण, पण संशय आधी मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरवर, ब्लूटूथ स्पीकरवर आणि पाकिटाच्या चुंबकी बटणावर घ्या. रात्री घड्याळ त्यांच्याशेजारी ठेवलं जातं. परीक्षा सोपी आहे. साधं होकायंत्र टेबलावर ठेवून घड्याळ त्याच्या अगदी जवळ आणा. घड्याळ स्थिर असतानाही सुई थरथरत राहिली तर निदान झालं.

डीमॅग्नेटायझर, म्हणजे चुंबकत्व घालवणारं यंत्र, बहुतेक घड्याळजींकडे असतो. बटण दाबून ठेवायचं, घड्याळ यंत्राच्या अगदी जवळ आणायचं, मग हळूहळू हातभर दूर न्यायचं आणि लांब गेल्यावरच बटण सोडायचं. जवळ असतानाच बटण सोडलं तर घड्याळ आधीपेक्षा जास्त चुंबकतं. हीच चूक सर्रास होते. स्वस्त यंत्र काही सेकंदांतच तापतं, म्हणून एका वेळी दोन-तीन सेकंदांचंच काम. यानेही फरक पडला नाही तर हेअरस्प्रिंगला तेल लागलंय किंवा ती वाकलीय, आणि मशीन उघडावं लागेल.

टायमिंग मशीनवर (ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) लावाल तेव्हा ७७५० साठी लिफ्ट अँगल (त्या यंत्रात भरायचा कोन) ४९ अंश आणि तासाला २८,८०० ठोके असं ठेवायला सांगा. पूर्ण चावी भरलेली आणि डायल वर असताना अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सच्या झोक्याचा कोन, २७० ते ३१० अंश हवी. २२० च्या खाली आली तर तेल संपलंय. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत घड्याळ गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवत असाल तर ते लवकर संपेल. कारखान्यातल्या कापसाच्या तंतूंचाही बंदोबस्त करा. बटणांच्या रबरी कड्या दर सर्व्हिसिंगला बदलून घ्या आणि झाकण मागाच्या शेडमध्ये कधीही उघडू नका. एक तंतू चाकात गेला तरी घड्याळ थांबतं.

टॅकिमीटर म्हणजे कडेवरची वेग सांगणाऱ्या आकड्यांची पट्टी. ती गाड्यांच्या शर्यतीसाठी आहे असं वाटतं, पण त्यामागे एकच भागाकार आहे: ३,६०० भागिले लागलेले सेकंद. पुणे रस्त्यावर एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत ४५ सेकंद लागले, तर काट्यासमोर ८० येतात, तोच ताशी वेग. तुमच्या मागावर याचा उपयोग जास्त आहे. ६० पिक (धोट्याने टाकलेला एक आडवा धागा म्हणजे एक पिक) व्हायला जेवढे सेकंद लागतात, तेव्हा काट्यासमोरचा आकडा म्हणजे मिनिटाला किती पिक पडतात ते. २४ सेकंद लागले तर १५०. एवढ्या वेगाने साठ मोजणं जमत नाही, म्हणून धोटा फक्त आपल्या बाजूला येतो तेवढंच मोजायचं: तीस वेळा आला की साठ पिक. पहिल्या ठोक्याला बटण दाबताना 'एक' म्हणू नका, 'शून्य' म्हणा. नाहीतर दरवेळी एक फेरी जादा धरली जाते आणि मालकाला माग आहे त्यापेक्षा वेगवान वाटतो.

प्रश्न: वडिलांचं स्विस क्रोनोग्राफ आहे, मशीन ७७३४. खालचं बटण दाबलं की मोठा काटा शून्याऐवजी दोन-तीन सेकंदांवर थांबतो. डायलवर डाग आहेत, ती नवी रंगवून घेऊ का?
— सात रस्ता

काटा दरवेळी अगदी त्याच जागी, समजा दोनवर, थांबतो का? तसं असेल तर दोष साधा आहे, काटा नळीवर घसरलाय. कधी एकवर, कधी चारवर थांबत असेल तर दोष आत आहे. शून्यावर येण्याचं काम असं होतं: काट्याच्या दांड्यावर हृदयाच्या आकाराचा कॅम असतो, बटण दाबल्यावर हातोडी त्याच्यावर आपटते आणि कॅम फिरून सर्वांत खोल जागी स्थिरावतो. हातोडीची स्प्रिंग मंद पडली, हातोडीचं तोंड झिजलं किंवा कॅम दांड्यावर सैल झाला, तर काटा मन मानेल तिथे थांबतो.

काटा बसवायचा तर हातोडी कॅमवर टेकलेली असतानाच, म्हणजे शून्याच्या स्थितीतच बसवायचा. अंदाजाने बसवून मग बटण दाबून बघणं, पुन्हा काढणं, पुन्हा बसवणं, यात काट्याची नळी दरवेळी थोडी सैल होते आणि चौथ्या वेळी काटा धरतच नाही. तुमच्या घड्याळजींनी याआधी असं किती वेळा केलंय, ते विचारा. सुरू करताना काटा किंचित उडी मारतो, त्याची चिंता नको. या मशीनमध्ये दोन चाकांचे दात बाजूने येऊन गुंततात, तेव्हा दातावर दात आला की काटा हलतो. मात्र पूर्ण फेरीभर काटा थरथरत चालत असेल तर क्रोनोग्राफच्या मधल्या चाकावरची दाब देणारी पातळ स्प्रिंग तपासा. आणि या गुंतणाऱ्या दातांना तेल लावायचं नसतं. तिथे तेल दिसलं तर आधीच्या कारागिराने घाई केलीय.

सुटे भाग मिळतील. ७७३३, ७७३४ आणि ७७३६ ही एकाच घराण्यातली मशीनं. ७७३४ ला तारीख आहे, ७७३६ ला बारा तासांची तिसरी तबकडी. मुळात व्हीनस १८८ या जुन्या स्विस मशीनपासून ही सगळी आली, त्यामुळे बरेच भाग एकमेकांना चालतात. आकडा बॅलन्सच्या खाली कोरलेला असतो, भाग मागवण्याआधी तो वाचून घ्या. काम झाल्यावर एक सवय लावून घ्या: मोजणी चालू असताना खालचं बटण दाबायचं नाही. त्यासाठी फ्लायबॅक नावाचा वेगळा प्रकार असतो, सिटिझनचं ८११० त्यातलं. तुमचं नाही.

डायलचं म्हणाल तर नको. डाग असलेली मूळ डायल आणि रंगवलेली कोरी डायल यांच्यात जाणकार ग्राहक डोळे झाकून पहिली उचलेल. रंगवणारा जुनी छपाई खरवडून काढतो, मग परत जायचा रस्ताच राहत नाही. केस पॉलिश करणंही त्यातलंच. बफिंगच्या चाकाखाली कडांचा धातू जातो, कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल होतात. काच मात्र बिनधास्त बदला, ॲक्रिलिकची असते.

प्रश्न: लिमिटेड एडिशन म्हणून घेतलेल्या घड्याळाची किंमत वाढतेच ना?
— जुळे सोलापूर

नाही. संख्या किती आणि का, हे आधी विचारा. ओमेगाने २००३ मध्ये स्नूपीच्या चित्राचं स्पीडमास्टर काढलं, ते ५,४४१ नग. हा आकडा अपोलो १३ मोहिमेच्या १४२ तास ५४ मिनिटं ४१ सेकंदांवरून आला. २०१५ मध्ये दुसरं काढलं, ते फक्त १,९७० नग. २०२० चं तिसरं आलं ते मर्यादित नव्हतंच, तरी लोक तिन्हींना एकाच दमात 'लिमिटेड' म्हणतात. झाकणावर क्रमांक आहे का, पेटी, वॉरंटी कार्ड आणि बिल त्याच क्रमांकाचं आहे का, हे बघा. कागद नसलेलं लिमिटेड एडिशन साध्या मॉडेलच्या भावाने मागा. आणि विकण्यासाठीच घेत असाल तर हा छंद तुमचा नव्हे.

प्रश्न: जुन्या डायलवर रेडियम असतं म्हणतात. घरात ठेवणं धोक्याचं आहे का?
— उत्तर कसबा

१९६० च्या दशकापर्यंत रेडियम वापरलं जाई. तळाशी 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' असेल तर ट्रिटियम, त्याचं अर्धायुष्य सुमारे १२ वर्षांचं, म्हणून ते विझत आलेलं असतं. रेडियमचं मात्र सुमारे १,६०० वर्षं. अंधारात चमकत नाही म्हणून ते संपलं असं नाही. चमकणारा रंग जळून गेलेला असतो, किरणोत्सर्ग तसाच राहतो. बंद केसमधलं एक घड्याळ कपाटात ठेवायला हरकत नाही, पण उशाशी नको आणि अशी पाच-सहा असतील तर ती झोपण्याच्या खोलीत एकत्र नकोत. खरी भीती धुळीची आहे. काच फुटलेली असेल, काट्यावरचा रंग भुगा होऊन गळत असेल तर फुंकर मारू नका, खरवडू नका. घड्याळ झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा, हात साबणाने धुवा आणि घड्याळजीकडे देताना आत रेडियम आहे हे आधी सांगा.