इराणमधल्या इस्फहानचे सफवी (तिथल्या जुन्या राजघराण्याचे) राजवाडे इतके लहान का? राजाची सत्ता तोकडी होती म्हणून?

नेमका हाच प्रश्न माझ्या दिरांनी इस्फहानच्या मैदानात उभं राहून, मोठ्याने, चारचौघांत विचारला होता. त्यामुळे उत्तर जरा तावातावाने येईल.

सत्ता तोकडी अजिबात नव्हती.

भाऊजी बांधकाम कंत्राटदार, मी आर्किटेक्ट, त्यामुळे एरवीही आमचं फारसं पटत नाही. मैदानाच्या कडेच्या आली कापू राजवाड्यासमोर त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, बावीस एकर मोकळी सोडून कडेला हे एवढंसं? एफएसआय वाया घालवला की!" जाऊबाई हसल्या. आमचे हेही हसले.

हिशेब त्यांचा बरोबर होता. हे नक्श-ए-जहान मैदान साधारण ५६० मीटर लांब आणि १६० रुंद आहे. पण ते मैदानच राजाचा दिवाणखाना होता, हे ह्या माणसाला कसं सांगायचं? आली कापू म्हणजे 'उंच दरवाजा'. खरा राजवाडा त्याच्या मागे, बागांमधून विखुरलेला. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बाहेरून बघून कोणी "पेशव्यांचं घर एवढंच?" असं म्हणतं का?

पहिल्या शाह अब्बासने १५९८ च्या सुमारास राजधानी इथे आणली आणि जुन्या जुम्मा मशिदीजवळचा गजबजाट ह्या नव्या मैदानाकडे ओढून घेतला. उत्तरेला बाजाराची वेस, दक्षिणेला शाही मशीद, पूर्वेला शेख लुत्फुल्लाची आणि पश्चिमेला, आली कापूत, तो स्वतः. शाही मशिदीचं प्रवेशद्वार मैदानाला समोरासमोर आहे, पण आत गेलं की अख्खी इमारत मक्केकडे वळते. धर्मालासुद्धा आधी राजाच्या मैदानाकडे तोंड करावं लागलं, असं मी म्हणते. भाऊजी म्हणाले, "प्लॉट वाकडा असेल."

आली कापूचा अठरा लाकडी खांबांचा सज्जा, तालार, हाच सगळ्याचा गाभा. तिथे बसून शहा खालचा पोलो आणि फौजेचं संचलन बघायचा. पोलोच्या गोलचे दगडी खांब अजून उभे आहेत. बघणं निम्मंच, उरलेलं निम्मं दिसणं. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात उस्मानी सुलतान एकामागून एक चौकांच्या आड, जेवायलाही एकटा. इथे शहा परदेशी वकिलांना पंगतीला घेऊन बसायचा. अशा राजाला जाड भिंतींपेक्षा उघड्या सज्जाचा उपयोग जास्त.

मागच्या बागेतल्या चेहेल सोतून, म्हणजे 'चाळीस खांब', ह्या महालात भाऊजींनी खांब मोजले. "वीसच आहेत! नावात चाळीस लिहून फसवतात." मी म्हटलं, हौदात बघा, उरलेले वीस तिथे आहेत. (फारसीत 'चाळीस' म्हणजे नुसतं 'पुष्कळ' असंही असतं, पण ते तेव्हा सांगण्यात अर्थ नव्हता.)

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. सगळं एकट्या पहिल्या अब्बासचं नाही. तो सज्जा आणि चेहेल सोतून त्याच्या पणतूच्या, दुसऱ्या अब्बासच्या काळातले. आणि लोकांना दिसणारा राजा म्हणजे प्रेमळ राजा असंही नाही. ह्याच पहिल्या अब्बासने १६१५ मध्ये स्वतःच्या थोरल्या मुलाला ठार मारवलं.

तुम्ही गेलात तर राजवाडा चौरस फुटांत मोजू नका आणि कंत्राटदार नातेवाईक सोबत नेऊ नका. आली कापूचा जिना अरुंद आणि पायऱ्या उंच. तरी शेवटच्या मजल्यापर्यंत चढाच. तिथल्या संगीत-दालनात भिंतींपासून छतापर्यंत गिलाव्याच्या पातळ पडद्यात सुरया, कुप्या, वाडग्यांच्या आकाराची भोकं कोरली आहेत, आणि आवाज घुमू नये म्हणून ती केली असं सांगतात. मी तिथे अर्धा तास होते, एकटीच.

भाऊजी मधल्या मजल्यावर गुडघे धरून बसले होते. खाली आल्यावर त्यांनी विचारलं, "वर काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही, भोकं आहेत." अजूनही घरी विषय निघाला की ते सगळ्यांना तेच सांगतात.