पेनड्राइव्ह रिकामा, तरी फाइल मावेना

प्रश्न : ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर २५ जीबी जागा शिल्लक दिसतेय, पण ६ जीबीचा व्हिडिओ टाकायला गेलं की फाइल फार मोठी आहे म्हणतो. पेनड्राइव्ह गेला का?

उत्तर : काही गेलेला नाही, तो फॅट३२ मध्ये, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायच्या एका जुन्या पद्धतीत, फॉरमॅट केलेला असणार. त्यात प्रत्येक फाइलची एक नोंद असते, नाव, तारीख, फाइल कुठून सुरू होते वगैरे, आणि साइझ लिहायला त्या नोंदीत फक्त ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक लिहायची ३२ घरं, दिलेत. तेवढ्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. गोदाम रिकामं पडलंय पण वहीतला रकानाच अरुंद आहे, असं समजा. ही पद्धत १९९६ सालची, तेव्हा ४ जीबीची अख्खी हार्ड डिस्क असली तरी लोक बघायला यायचे, त्यामुळे करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आतलं सगळं आधी दुसरीकडे कॉपी करा, मग राइट क्लिक करून फॉरमॅटमध्ये एक्सफॅट ही नवी पद्धत निवडा. विंडोज, मॅक दोन्हीवर चालतं, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची माहिती खुली केल्यापासून लिनक्सच्या कर्नलमध्येही, म्हणजे त्याच्या गाभ्यातच, आलंय. विंडोजची नेहमीची पद्धत एनटीएफएस, ती का नको, तर मॅक ते वाचतो पण त्यावर लिहीत नाही. फक्त पेनड्राइव्ह जुन्या टीव्हीला किंवा गाडीतल्या स्टिरिओला लावणार असाल तर आधी बघून घ्या, त्यातल्या बऱ्याच जणांना फॅट३२ शिवाय काही कळत नाही. आणि एक्सफॅटला जर्नल नसतं, म्हणजे लिहिता लिहिता ड्राइव्ह उपटला तर अर्धवट राहिलेलं काम निस्तरायला काही नोंद नसते. म्हणून इजेक्ट करूनच काढा, मी एकदा घाई केली आणि अख्खा फोल्डर घालवून बसलो.

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. उबुंटूतून डी ड्राइव्ह उघडतो, पण काही सेव्ह करायला गेलं की रीड ओन्ली म्हणतो. मित्र म्हणतो पार्टिशन करप्ट झालंय, फॉरमॅट कर.

उत्तर : मित्राला चहा पाजा पण त्याचं ऐकू नका. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार असतो, त्यात तुम्ही शटडाउन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, कर्नलची तेव्हाची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि डुलकी काढतं, डी ड्राइव्ह त्याच्या लेखी अजून उघडाच असतो. अशा वेळी दुसऱ्या कोणी त्यावर लिहिलं तर विंडोज जागं झाल्यावर दोघांच्या नोंदी जुळणार नाहीत, म्हणून लिनक्स (उबुंटू त्याचाच एक प्रकार) शहाण्यासारखं हात आखडता घेतं.

खात्री करायला विंडोजमधून शटडाउनऐवजी रीस्टार्ट करा आणि थेट उबुंटूत जा, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज खरंच पूर्ण बंद होतं. आता सेव्ह झालं तर दुखणं हेच. मग विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटनांचं काम ठरवायची लिंक असते, ती उघडून फास्ट स्टार्टअपची टिक काढा, मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, लागू दे. तरीही रीड ओन्लीच आलं तर विंडोजमधूनच त्या ड्राइव्हचं एरर चेकिंग करा.

प्रश्न : लिनक्सवर वापरलेली हार्ड डिस्क विंडोजला लावली, त्याने फॉरमॅट करायचं का विचारलं आणि चुकून हो म्हटलं. सगळं गेलं का?

उत्तर : विंडोजला ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सची फाइली मांडायची पद्धत, वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते त्याला कोरंच वाटतं, म्हणून तो इतक्या निरागसपणे विचारतो. क्विक फॉरमॅट झालं असेल तर मुख्यतः नवीन अनुक्रमणिका लिहिली गेलीय, आतला बराचसा मजकूर जागच्या जागी असतो. तेव्हा डिस्क आत्ताच काढा, तिच्यावर काहीही कॉपी करू नका. आधी लिनक्समधून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्या आणि टेस्टडिस्क किंवा फोटोरेक हे गेलेला डेटा शोधणारे प्रोग्रॅम त्या इमेजवर चालवा, मूळ डिस्कवर प्रयोग नकोत. फोटोरेकने काढलेल्या फाइलींना जुनी नावं नसतात, बसून लावावी लागतील. क्विकची टिक काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल तर मात्र सगळीकडे शून्यं लिहिली गेलीत, आशा सोडा. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवाली डिस्क, असेल तर क्विकनंतरही फार आशा धरू नका, ट्रिम नावाच्या सोयीमुळे ती मोकळी झालेली जागा स्वतःच पुसून टाकते.

प्रश्न : १ टीबीची डिस्क घेतली, विंडोज ९३१ जीबीच दाखवतो. बाकीचे कुठे गेले?

उत्तर : कुठेच नाही. केबी, एमबी, जीबी अशा प्रत्येक पायरीला बनवणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने, आणि तरीही नाव जीबीच लिहितो. हीच डिस्क मॅकला लावली की पूर्ण १ टीबी दिसेल.