रॉचेस्टर मेलेलं शहर आहे का? ऑप्टिक्स शिकायला निघालेल्या मुलीच्या वडिलांना उत्तर

पत्र, थोडक्यात:

"मी सोलापूरचा. मुलगी ईअँडटीसीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमची बी.ई. आहे. शेवटच्या वर्षी लेझरवर प्रोजेक्ट केला आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात ऑप्टिक्सच, म्हणजे प्रकाशाचं आणि भिंगांचं शास्त्रच, बसलंय. अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात ऑप्टिक्समध्ये एमएस आणि डॅलसजवळ कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस. पुतण्या डॅलसला असतो. तो म्हणतो, काका, रॉचेस्टर म्हणजे फोटोच्या फिल्मवाल्या कोडॅकचं गाव. कोडॅक बुडाली, माणसं गाव सोडून गेली, गरिबी आणि गुन्हेगारी वाढलीय, वर थंडी आणि बर्फ. माझे वडील गिरणी कामगार होते. गिरणीचा भोंगा थांबल्यावर पेठेचं काय होतं ते मी बघितलंय. राहतं घर तारण ठेवून कर्ज काढायचंय. पोरीला अशा गावात पाठवावं का?"

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पुतण्याने सांगितलेलं बहुतेक सगळं खरं आहे. तरी त्यातल्या कुठल्याच कारणासाठी मी रॉचेस्टर नाकारणार नाही. खरी अडचण वेगळीच आहे आणि तिचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. तिच्याकडे येतोच, पण आधी 'मेलेलं शहर' या शब्दाचा निकाल लावू.

१९५० मध्ये रॉचेस्टरची लोकसंख्या ३,३२,४८८ होती. २०२० च्या जनगणनेत ती २,११,३२८ भरली. म्हणजे तीनातला एक माणूस कमी झाला. आकडा बघून कुणालाही धडकी भरेल. पण हा आकडा फक्त शहराच्या हद्दीतला आहे. तुमच्याकडे हद्दवाढ झाली आणि आजूबाजूची गावं सोलापुरात आली. तिकडे तसं झालं नाही. शहराची हद्द जुनीच राहिली, आणि ब्रायटन, पिट्सफर्ड, हेन्रिएटा, वेबस्टर ही लगतची गावं आपापला कारभार आणि आपापल्या शाळा घेऊन स्वतंत्र राहिली. ज्यांना परवडलं ते हद्दीपलीकडे राहायला गेले. सगळा महानगर परिसर धरला तर आजही तिथे जवळपास ११ लाख माणसं राहतात.

ही ये-जा सरळ नव्हती, हेही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेतून, विशेषतः फ्लोरिडातून, कृष्णवर्णीय कुटुंबं मोठ्या संख्येने इथे आली. त्यांना घरं ठरावीक वस्त्यांतच मिळायची आणि मोठ्या कारखान्यांची दारं सहज उघडत नव्हती. जुलै १९६४ मध्ये त्याचा स्फोट झाला. तीन दिवस शहर पेटलं आणि नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याची राखीव फौज, बोलवावी लागली. त्यानंतर गोऱ्या मध्यमवर्गाचं उपनगरांकडे जाणं आणखी वाढलं. आज शहराच्या हद्दीत पाचातले जवळजवळ दोघे कृष्णवर्णीय आहेत, साधारण एक हिस्पॅनिक आहे आणि पावाहून अधिक लोकसंख्या दारिद्र्यरेषेखाली आहे. शाळांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो. त्यामुळे शहरातल्या सरकारी शाळांची अवस्था वर्षानुवर्षं चिंतेची, आणि पंधरा मिनिटांवरच्या पिट्सफर्डच्या शाळा राज्यातल्या नावाजलेल्या. पुतण्याने वाचलेली गरिबी आणि गुन्हेगारी हद्दीच्या आतली आहे, आणि तीही काही ठरावीक वस्त्यांत जास्त. तुमची मुलगी विद्यापीठाच्या जवळ राहील. खोली घेण्याआधी तिने सीनियर विद्यार्थ्यांकडून गल्लीचं नाव तपासून घ्यावं. एवढी काळजी पुरेशी आहे.

आता कोडॅक. १९८२ च्या सुमारास एकट्या रॉचेस्टर परिसरात कोडॅकचे ६० हजार कर्मचारी होते. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली, पण अगदी छोटी होऊन. कोडॅक पार्क या कारखान्याच्या आवारातल्या काही इमारती त्याआधीच, २००७ मध्ये, सुरुंग लावून पाडल्या होत्या. एवढं वाचून तुम्हाला गिरणी आठवणारच. पण कापसाच्या गिरणीत आणि कोडॅकमध्ये एक मोठा फरक होता. कोडॅकचं कसब कारखान्याबाहेरही रुजलेलं होतं. १९२९ मध्येच कोडॅक आणि बाऊश अँड लोम्ब या चष्मे-भिंगांच्या कंपनीच्या पाठबळाने रॉचेस्टर विद्यापीठात इन्स्टिट्यूट ऑफ ऑप्टिक्स सुरू झाली. या विषयाची अमेरिकेतली ही सगळ्यात जुनी संस्था. तुमच्या मुलीला प्रवेश मिळालाय तो हाच विभाग. २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या डॉना स्ट्रिकलँड यांनी पीएचडी इथेच केली. लेझरचा क्षणिक स्पंद (पल्स) आधी ताणायचा, मग वाढवायचा आणि शेवटी दाबायचा, ही जेरार मूरू यांच्याबरोबरची त्यांची पद्धत १९८५ ची, याच विद्यापीठातली. तिचं नाव चर्प्ड पल्स अँप्लिफिकेशन. मुलीला विचारा, ते म्हणजे काय. लेझरवर प्रोजेक्ट केलाय म्हणताय, तर ती तुम्हाला जेवताना अर्धा तास समजावून सांगेल. नाही सांगता आलं, तर वेड कितपत खरं आहे तेही कळेल!

कोडॅक आटली आणि तिथली माणसं लहान लहान कंपन्यांत विखुरली. काहींनी स्वतःच्या काढल्या. या धंद्यात लाखांनी माल काढायचा नसतो. एखाद्या दुर्बिणीसाठी किंवा शस्त्रक्रियेच्या उपकरणासाठी मोजकी भिंगं लागतात. काच घासायची, पॉलिश करायची, मग इंटरफेरोमीटरखाली, म्हणजे पृष्ठभाग प्रकाशाने तपासणाऱ्या यंत्राखाली, धरायची. पडद्यावर काळे-पांढरे पट्टे उमटतात. ते सरळ आणि सारख्या अंतरावर आले तर पृष्ठभाग जमला. एखादा पट्टा वाकला तर तिथे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाएवढा उंचवटा किंवा खड्डा राहिलाय. तो काढायला पुन्हा मशिनवर. हे काम येणारी माणसं जिथे राहतात, तिथेच असल्या कंपन्या टिकतात. मनरो कम्युनिटी कॉलेजात आजही या कामाचे तंत्रज्ञ तयार होतात. आपल्याकडच्या आयटीआयसारखंच समजा. मंगळावर गेलेल्या रोव्हरच्या कॅमेऱ्यांची भिंगं याच परिसरातल्या एका कंपनीने बनवली होती.

आणि आज गावातला सगळ्यात मोठा मालक कोण? स्वतः विद्यापीठ. त्याचं रुग्णालय धरून ३० हजारांवर माणसं तिथे काम करतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता खरी अडचण. रॉचेस्टरच्या ऑप्टिक्समधल्या कामाचा मोठा हिस्सा संरक्षण आणि अवकाश क्षेत्रासाठी चालतो. हे पूर्वीपासूनच आहे. शीतयुद्धात अमेरिकेच्या काही टेहळणी उपग्रहांचे कॅमेरे कोडॅकने बनवले होते. आज एल-थ्री-हॅरिससारखी मोठी कंपनी तिथे त्याच परंपरेत काम करते. अशा कामावर निर्यात नियंत्रणाचे कायदे लागू असतात. संबंधित रेखाचित्रं आणि माहिती परदेशी माणसाला दाखवणं हीसुद्धा निर्यातच धरली जाते. म्हणून जाहिरातीत सरळ लिहिलेलं असतं: अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक. पुष्कळ जागांना तर नागरिकत्वच लागतं. तुमच्या मुलीचे मार्क कितीही असोत, व्हिसावर असताना त्या जागा तिच्यासाठी नाहीत. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'आमच्या विद्यार्थ्यांना इथे नोकऱ्या लागतात' म्हणून जी नावं छापलेली असतात, त्यातली काही याच प्रकारची असतात. खोटं कुणी छापत नाही. पण ती यादी अमेरिकन विद्यार्थ्याची आहे, तुमच्या मुलीची यादी त्याहून लहान असणार. कर्जाचा हिशेब तिच्या यादीवर करायचा.

त्या लहान यादीत काय उरतं? वैद्यकीय उपकरणं, कॉन्टॅक्ट लेन्स, सेमीकंडक्टरची यंत्रं, कॅमेरे, दूरसंचार. यातले मालक रॉचेस्टरमध्ये आहेत, पण त्याहून जास्त कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, ऍरिझोनात आहेत. म्हणजे शिक्षण रॉचेस्टरला आणि नोकरी दुसरीकडे, असं व्हायची शक्यता बरीच. या विषयात विभागाचं नाव देशभर चालतं, त्यामुळे हा तोटा धरू नका. गाव वाढतंय की आटतंय, हा प्रश्न मात्र इथेच निम्मा गळून पडतो.

आता विद्यापीठ हा मोठा मालक असण्याचा फायदा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला वर्षाला ८५ हजार व्हिसांची मर्यादा आहे आणि कंपन्यांच्या उमेदवारांना सोडतीतून जावं लागतं. विद्यापीठं आणि त्यांना जोडलेल्या ना-नफा संस्था या मर्यादेच्या बाहेर असतात. त्यांनी नोकरीवर घेतलं तर सोडतीची गरज नाही. पगार कंपनीपेक्षा कमी, पण डोक्यावरची टांगती तलवार नाही. संशोधन सहायक, प्रयोगशाळेतला इंजिनिअर अशा जागांकडे आपली मुलं बघतच नाहीत. तिने पहिल्या सत्रापासून बघावं. सप्टेंबर २०२५ पासून नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. तिथेच शिकून तिथूनच व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्याला ते लागू नाही, असा खुलासा सरकारने नंतर केला. तरी हे नियम सध्या हलते आहेत. कर्ज घेताना 'तीन वर्षांत परत यावं लागलं तर' हा हिशेब कागदावर मांडाच.

तीन वर्षं कुठून आली? पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं आणि विषय विज्ञान-तंत्रज्ञानाचा असल्याने आणखी २४ महिने वाढवून मिळतात. पण पहिल्या वर्षात नोकरीविना एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. दुसरी मेख अशी की शिकत असताना बाहेर काम करायची परवानगी, म्हणजे सीपीटी, साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावरच मिळते. अभ्यासक्रम वर्षभरातच उरकला तर इंटर्नशिपला उन्हाळाच मिळत नाही आणि मुलगी कोरा बायोडाटा घेऊन बाजारात उतरते. म्हणून तिने दीड-दोन वर्षांचा, प्रबंधासह पर्याय आहे का ते विचारावं. फी जास्त जाईल, हे खरं. तरीही विचारावं.

गावात दुसरी मोठी संस्था आहे, रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. तिची ओळख को-ऑप, म्हणजे शिकता शिकता कंपनीत सत्रभर पगारी काम. ही पद्धत तिथे १९१२ पासून आहे. प्रवेश दुसऱ्या विद्यापीठाचा असला तरी मुलीने या संस्थेकडे लक्ष ठेवावं. इमेजिंग सायन्सचं तिथलं काम जुनं आणि भक्कम आहे. कर्णबधिरांसाठीचं राष्ट्रीय तांत्रिक महाविद्यालयही त्याच आवारात आहे. त्यामुळे या गावात दुकानात, बसमध्ये हातांनी गप्पा मारणारी मुलं सहज दिसतात. नोकरीशी याचा संबंध नाही, पण नव्या गावाबद्दल वडिलांना एखादी चांगली गोष्टही माहीत असावी.

डॅलस वाढतंय, यात वाद नाही. तिथे नोकऱ्या जास्त आहेत, पुतण्या आहे, थंडी कमी. पण कॉम्प्युटर सायन्सच्या एमएसला तिच्यासोबत शेकडो भारतीय मुलं असतील आणि त्यातली बरीच चार वर्षं कोडिंगच करून आलेली. तुमची मुलगी त्या रांगेत मागून सुरुवात करेल. ऑप्टिक्सची रांग लहान आहे आणि तिथे तिचा लेझरचा प्रोजेक्ट मोजला जाईल. तिला विषय खरंच आवडत असेल तर माझं मत रॉचेस्टर. तिला फक्त अमेरिका हवी असेल तर दोन्हीकडे घर तारण ठेवू नका.

परत यावं लागलं तर काय, असं तुम्ही विचाराल. बंगळुरूला इस्रोची इलेक्ट्रो-ऑप्टिक्स प्रयोगशाळा आहे, डेहराडूनला डीआरडीओची आहे, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेची उभारणी मंजूर झाली आहे आणि ते यंत्र म्हणजे आरसे आणि लेझरच आहेत. तिकडे नागरिकत्वाची जी अट तिला आडवी येईल, ती आपल्या सरकारी प्रयोगशाळांत तिच्या बाजूने असेल. पगार डॉलरमधला नसेल, त्यामुळे हप्ता किती बसतो ते रुपयांतल्या पगारावर आत्ताच काढून बघा. ४५ लाखांचं कर्ज आणि ३० लाखांचं कर्ज यात फरक तेव्हा कळतो.

पैसे भरण्याआधी मुलीने विभागाला ईमेल करावा. तुम्ही नाही, तिने. गेल्या दोन तुकड्यांतल्या परदेशी विद्यार्थ्यांना, फक्त परदेशी, कुठे कामं मिळाली? शिकवणी शुल्कात सवलत मिळेल का? खासगी विद्यापीठात छापील फी आणि प्रत्यक्ष फी यात पुष्कळदा अंतर असतं, आणि न मागता ते कुणी सांगत नाही. कुठल्या प्राध्यापकांच्या प्रकल्पांवर परदेशी विद्यार्थ्यांना काम करता येतं? रॉचेस्टर विद्यापीठाच्या मोठ्या लेझर प्रयोगशाळेला बराचसा पैसा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अण्वस्त्र विभागाकडून येतो, म्हणून हा प्रश्न नाव घेऊन विचारावा. आणि पुढे पीएचडीला वळता येतं का? पीएचडीला फी माफ होते आणि विद्यावेतन मिळतं. कर्जाचा सगळा प्रश्नच मग वेगळा होतो. उत्तर मोघम आलं तर पुन्हा विचारावं, अमेरिकेत त्याचा राग धरत नाहीत.

राहता राहिला बर्फ. ऑन्टारिओ सरोवरावरून येणारा वारा हिवाळाभरात साधारण आठ फूट बर्फ टाकतो. रस्ते मात्र पहाटेच साफ होतात आणि वर्ग सहसा भरतात. जाडजूड कोट आणि बूट पुण्या-मुंबईहून नेऊ नका. इथले तिथल्या ओल्या बर्फात टिकत नाहीत आणि बॅगेतलं वजन फुकट जातं. ऑक्टोबरमध्ये तिथेच घ्यावेत, आणि तेवढे पैसे पहिल्या महिन्याच्या खर्चात वेगळे धरून ठेवावेत.